पस सेल्स 12 ते 15: एका कागदाचं रसग्रहण

लघवीच्या साध्या तपासणीचा कागद कोणी वाचत नाही. त्यात जाड ठशात काय आलंय तेवढंच बघतात. एखादा आकडा जाड असला की घरात चिंता, नसला की कागदाची घडी होऊन फाइलीत रवानगी. इथे बेत असा आहे की हा कागद कवितेसारखा ओळीओळीने वाचायचा. कविता वाचताना ओळीत काय म्हटलंय ते आपण पाहतो आणि ती ओळ तशी का उतरली तेही पाहतो. लहान मुलाच्या लघवीच्या कागदाला ही दुसरी नजर लावली, तर त्यात आजारापेक्षा शरीराची करणीच जास्त दिसते. जंतू येण्याआधी त्याने काय तजवीज केली होती आणि आल्यावर काय हालचाल केली, याचा तो वृत्तान्त आहे.

नमुन्यादाखल एक कागद कल्पू. गाव वणी, महिना ऑक्टोबर, रुग्ण सहा वर्षांची मुलगी. दोन दिवस लघवीला आग, ओटीपोटात दुखणं, ताप नाही. आणि मजकूर असा:

रंग: गडद पिवळा. स्वरूप: किंचित गढूळ. विशिष्ट गुरुत्व: 1.030. पीएच: 5.5. प्रथिने: नाहीत. साखर: नाही. नायट्राइट: निगेटिव्ह. पस सेल्स: 12 ते 15. एपिथेलियल सेल्स: 6 ते 8. कास्ट: हायलाइन, एखादा.

दहा ओळी. वृत्त नाही, यमक नाही, क्रियापद म्हणाल तर फक्त ‘नाही’. पण मजकूर भरगच्च आहे.

सुरुवात रंगापासून करू, कारण रंग आणि विशिष्ट गुरुत्व या ओळी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. शुद्ध पाण्याचं विशिष्ट गुरुत्व 1.000. आपल्या कागदावर 1.030 आहे, म्हणजे मूत्रपिंडांनी जवळजवळ प्रत्येक थेंब वाचवून अंगात परत घेतलाय. हे कसब जन्मतः नसतं. नवजात बाळाचं मूत्रपिंड लघवी दाट करू लागलं तरी मोठ्या माणसाच्या जेमतेम निम्म्यापर्यंत पोचतं. पुरती ताकद यायला सुमारे वर्ष जातं. वणी यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर. गावाला लागून निर्गुडा वाहते, भोवती कोळशाच्या खुल्या खाणी आणि कपाशीची वावरं. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा 1.030 हा आकडा घराघरांत असणार. पण आपला कागद ऑक्टोबरचा आहे. ऊन आहे, तरी एवढं नाही. मग पोरीच्या अंगात पाणी इतकं कमी का? हा प्रश्न इथे ठेवून पुढे जाऊ. त्याचं उत्तर कागदावर कुठेच नाही.

या ओळीत एक श्लेष आहे. दाट, आम्लधर्मी, युरियाने भरलेली लघवी जंतूंना मानवत नाही. 5.5 पीएच, भरपूर युरिया आणि क्षार अशा द्रवात ई-कोलाय, म्हणजे लघवीच्या संसर्गातला नेहमीचा जंतू, वाढतो, पण रखडत वाढतो. म्हणजे गडद पिवळा रंग हाही एक बचावच. मात्र लघवी दाट होते ती थोडी झाली म्हणून, आणि थोडी झाली की ती आत जास्त वेळ बसते. एकच ओळ एका अंगाने जंतूंच्या विरुद्ध आणि दुसऱ्या अंगाने त्यांच्या पथ्यावर. या दोहोंत कोणतं पारडं जड, याचा अंदाज 2018 साली छापलेल्या एका चाचणीतून येतो. वारंवार मूत्राशयाचा दाह होणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या 140 स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांच्यात दाहाचे प्रसंग जवळपास निम्म्यावर आले. अभ्यास प्रौढ स्त्रियांचा आहे, मुलांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी वाहणं हे दाटपणापेक्षा मोठं, असा कौल त्यातून निघतो.

आता या कागदातली सर्वांत सुंदर विसंगती. पाचवी ओळ म्हणते, प्रथिने नाहीत. शेवटची ओळ म्हणते, हायलाइन कास्ट एखादा. आणि कास्ट म्हणजे प्रथिनच! मूत्रपिंडातल्या बारीक नळीत गोठून, तिचाच आकार घेऊन बाहेर आलेली पारदर्शक कांडी. मग आधीची ओळ खोटी का? खोटी नाही, तिची नजर आखूड आहे. तपासणीची रंग बदलणारी पट्टी अल्ब्युमिन ओळखते. निरोगी लघवीत सर्वांत जास्त असणारं प्रथिन वेगळंच आहे. त्याचं नाव उरोमॉड्युलिन, आणि पट्टीला ते जवळजवळ दिसतच नाही. 1950 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल यांनी ते वेगळं काढलं, तेही जंतूंच्या शोधात नव्हे. इन्फ्लुएन्झाचा विषाणू तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो. लघवीतलं काहीतरी त्या गुठळ्या होऊ देत नव्हतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे हे प्रथिन. म्हणून त्याला बराच काळ टॅम-हॉर्सफॉल प्रथिन म्हणत.

त्याचं काम समजायला आधी जंतूची खोड समजली पाहिजे. ई-कोलायच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात आणि तंतूच्या टोकाला एक पकड. मूत्राशयाच्या अस्तरावरच्या मॅनोज नावाच्या साखरेला ती पकड बसते. वावरातून येताना धोतराला गोखरू धरावं तसा तो अस्तराला धरून बसतो, आणि धार कितीही जोरात गेली तरी जागचा हलत नाही. उरोमॉड्युलिनचे लांब धागे लघवीत तरंगत असतात आणि त्यांच्यावरही तीच साखर लटकवलेली असते. जंतूची पकड अस्तराऐवजी धाग्याला बसते, एकामागून एक जंतू त्यात गुरफटतात आणि पुढच्या धारेबरोबर बाहेर पडतात. 2020 साली झुरिकच्या संशोधकांनी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे धागे आणि त्यांत अडकलेले जंतू पाहिले, लघवीला संसर्ग झालेल्या रुग्णांच्या नमुन्यांतसुद्धा. मारणं नाही, विष नाही. नुसतं खोटं ठिकाण दाखवून वाटेला लावणं. ‘प्रथिने: नाहीत’ या ओळीमागे एवढा उद्योग चाललेला असतो.

नायट्राइटची ओळ अशीच दुहेरी वाचायची. लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट ई-कोलायसारखे जंतू करतात, पण त्यासाठी लघवी त्यांच्या तावडीत साधारण चार तास राहावी लागते. तान्ह्या बाळात ही चाचणी पुष्कळदा फसते, कारण बाळ तासातासाला दुपटं ओलं करतं आणि नायट्राइट साठायला सवडच मिळत नाही. आपली मुलगी सहा वर्षांची. पण दोन दिवस आग होतेय, म्हणजे ती दर थोड्या वेळाने पळत असणार, चार थेंब होत असणार आणि परत पळत असणार. घरचे या पळापळीने हैराण होतात. मूत्राशयाच्या बाजूने पाहिलं तर दुखावलेलं अस्तर आत काही टिकू द्यायला तयार नाही. तेव्हा ‘निगेटिव्ह’चा अर्थ जंतू नाहीत असाही होईल, आणि शरीराने त्यांना सवड दिली नाही असाही होईल. ओळ तीच. कोणता अर्थ घ्यायचा ते रुग्णाकडे पाहूनच ठरतं.

एपिथेलियल सेल्स 6 ते 8. ही ओळ बहुतेक जण सोडून देतात, आणि पुष्कळदा सोडणं रास्तही असतं; अशा बऱ्याच पेशी बाहेरच्या त्वचेवरून बाटलीत येतात. पण मूत्राशयाच्या आतल्या पेशींचीही एक गोष्ट आहे आणि तिच्यासाठी या ओळीवर थांबायला हवं. अस्तराच्या सर्वांत वरच्या थरात मोठ्या, पसरट पेशी असतात. एकेक पेशी खालच्या कितीतरी पेशींवर छत्रीसारखी पसरलेली म्हणून त्यांना छत्रपेशी म्हणता येईल. त्यांचा लघवीकडचा पृष्ठभाग उरोप्लाकिन नावाच्या प्रथिनांच्या घट्ट बसवलेल्या तुकड्यांनी मढवलेला असतो, म्हणून लघवीतलं पाणी आणि युरिया रक्तात परत झिरपत नाही. एरवी या पेशी महिनोन्‌महिने टिकतात. पण जंतूने पकड बसवली, आत शिरला, तर ती पेशी स्वतःच सुटते आणि पोटातल्या जंतूंसकट लघवीतून बाहेर पडते. 1998 साली अमेरिकेत सेंट लुइस इथे स्कॉट हल्टग्रेन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मूत्राशयात हे काही तासांत घडताना दाखवलं. पुढे त्याच प्रयोगशाळेत दुसरी बाजूही दिसली: पेशी सुटण्याआधी जंतूंनी आत दाटीवाटीने वस्ती केली, तर औषध संपल्यावर ते पुन्हा डोकं काढू शकतात. शिवाय वरचा थर गळाला की खालच्या कोवळ्या पेशी उघड्या पडतात आणि लघवी लागली की झोंबतात. आग होण्यात जंतूंचा हात आहेच, आणि या बचावाचाही आहे.

आणि मग जाड ठशातली ओळ: पस सेल्स 12 ते 15. सूक्ष्मदर्शकाच्या एका नजरेत मावणाऱ्या जागेत पाचापर्यंत चालतात, म्हणून हा आकडा जाड. ‘पस’ शब्द ऐकला की आईच्या डोळ्यांपुढे पू भरलेली जखम येते. प्रत्यक्षात या रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. अस्तराच्या पेशींना जंतूच्या आवरणातली खूण पटते, त्या रासायनिक हाक देतात, आणि न्यूट्रोफिल रक्तवाहिनीतून निघून मूत्राशयाच्या भिंतीतून पार होत लघवीत उतरतात. म्हणजे जाड ठशातली ओळ शत्रूची नाही, मदतीला आलेल्यांची आहे. ही हाक प्रत्येक मुलात सारखी पोचत नाही. स्वीडनमधल्या लुंडच्या कॅथरिना स्वानबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं, की ज्या मुलांच्या मूत्रपिंडांना वारंवार संसर्ग होतो त्यांच्या न्यूट्रोफिलवर ही हाक ऐकणारा ग्राही रेणू कमी असतो. जंतू तोच, पण एका मुलात दोन दिवसांची आग आणि दुसऱ्यात 104 ताप. इथे टीकाकाराची सावधगिरीही हवी: दुसऱ्या कारणाने ताप आला तरी लघवीत पस सेल्स दिसू शकतात. एकट्या या ओळीवरून अँटिबायोटिक सुरू करणं म्हणजे एका ओळीवरून कवीचं चरित्र लिहिणं.

म्हणून दुसरा कागद लागतो, कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याचा. तो दोन-तीन दिवसांनी येतो आणि त्यावर बहुधा एकच नाव असतं, ई-कोलाय. या नावात बालरोगतज्ज्ञ दडलेला आहे. थिओडोर एशरिखने 1885 साली हा जंतू तान्ह्या बाळांच्या शीमध्ये पाहिला आणि 1894 साली मुलांच्या मूत्राशयाच्या दाहातही. शीमधला रहिवासी लघवीच्या वाटेला लागला की त्रास. मुलींमध्ये ती वाट आखूड, म्हणून त्यांना जास्त. स्वीडनमधल्या एका मोठ्या पाहणीत सात वर्षांपर्यंत सुमारे 8 टक्के मुलींना आणि 2 टक्क्यांहून कमी मुलग्यांना हा संसर्ग होऊन गेलेला होता. कल्चरच्या कागदावरचा ‘1 लाख’ हा आकडाही इतिहासातून येतो: एडवर्ड कॅस यांनी 1950 च्या दशकात प्रौढ स्त्रियांच्या नमुन्यांवरून दर मिलिलिटरला 1 लाख जंतू ही रेघ आखली. पण जंतू सापडणं म्हणजे आजार असणं नव्हे. गोटेनबर्गच्या एका मुलीच्या मूत्राशयात ई-कोलायची एक जात तीन वर्षं सुखेनैव राहिली, त्रास काडीचा नाही. तीच जात पुढे 83972 या क्रमांकाने जगभरच्या प्रयोगशाळांत गेली. कारण असा निरुपद्रवी भाडेकरू असला की उपद्रवी जंतूंना जागा मिळणं अवघड होतं. अशा मुलांना औषधांचा मारा केला तर तो जातो आणि जागा रिकामी होते.

जे काही लघवीत आहे पण कागदावर त्याला ओळच नाही, त्याची यादी लांब आहे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत 2006 साली दाखवलं गेलं की अस्तर आणि मूत्रपिंडाच्या पेशी जंतूचा स्पर्श होताच कॅथेलिसिडिन नावाचं जंतूनाशक पेप्टाइड सोडतात. लिपोकॅलिन नावाचं आणखी एक प्रथिन जंतूने लोह गोळा करायला बाहेर सोडलेला रेणूच पकडून ठेवतं. लोहाविना जंतूची वाढ खुंटते. तान्ह्या बाळाकडे यात आईची भर असते. अंगावर पिणाऱ्या बाळांना हा संसर्ग कमी होतो, हेही स्वीडनमध्येच मोजलं गेलं. दुधातल्या काही शर्करा तर न पचता बाळाच्या लघवीपर्यंत पोचतात.

रचनेलाही ओळ नाही. मूत्रपिंडाकडून येणारी नळी मूत्राशयात सरळ भोकातून उघडत नाही. भिंतीतून तिरपी सरकत येते. मूत्राशय भरलं की आतल्या दाबाने तो तिरपा भाग चेपला जातो आणि लघवी उलटी वर जात नाही. तिरप्या भागाची लांबी नळीच्या रुंदीच्या पाचपट असावी, असं पॅक्विन यांनी 1959 साली मांडलं. बाळात हा भाग आखूड असतो आणि अंगाबरोबर वाढतो. म्हणून ज्यांची लघवी थोडीफार उलटी जाते अशा पुष्कळ मुलांचा दोष वय वाढताना आपोआप सरतो. त्याच्याही वर एक शेवटची तजवीज आहे. मूत्रपिंडात लघवी जिथून टपकते त्या बहुतेक टोकांचा आकार बहिर्वक्र असतो, त्यामुळे दाब आला की त्यांची छिद्रं मिटतात. वरच्या आणि खालच्या कडेला काही टोकं मात्र चपटी, छिद्रं उघडी राहणारी. संसर्गाचे व्रण मूत्रपिंडाच्या कडांवरच जास्त का दिसतात, याचा उलगडा 1970 च्या दशकात लंडनच्या रॅन्सली आणि रिस्डन यांनी याच आकारावरून केला.

आता अध्याहृत ओळ. या सगळ्या बचावांना एका गोष्टीची गरज आहे: धार. उरोमॉड्युलिनने गुंडाळलेला जंतू, पोटात जंतू घेऊन सुटलेली छत्रपेशी, काम संपलेला न्यूट्रोफिल, सगळे बाहेर पडणार ते धारेबरोबर. धार लागली नाही तर तो गाळ आतच राहील. 1961 साली कॉक्स आणि हिनमन यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या मूत्राशयात जंतू सोडून पाहिले. औषधाविना ते साफ झाले. साफ होण्याचं गणित सोपं आहे, करून बघू. सहा वर्षांच्या मुलीचं मूत्राशय साधारण 200 मिलिलिटर. (वयात 1 मिळवून 30 ने गुणायचं, असा बालमूत्रविज्ञानातला ठोकताळा आहे.) समजा जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट होतात आणि लघवी झाल्यावर आत 1 मिलिलिटर उरते. तीन तासांनी गेली तर जंतू 64 पट होतात आणि त्यांतला दोनशेवा भाग उरतो. म्हणजे दर खेपेला जंतू घटत जातात. सहा तासांनी गेली तर ते 4096 पट. दोनशेवा भाग उरला तरी आधीच्या वीसपट. बाकी काही बदललेलं नाही, फक्त तीन तासांचे सहा तास झाले. आणि घाईघाईत, अर्धवट बसून लघवी केली, आत 20 मिलिलिटर राहिली, तर तीन तासांचा नियम पाळूनही जंतू वाढतच जातात. प्रत्यक्षात बाकीचे बचाव हा वेग कमी करतात. पण गणिताचा कल बदलत नाही. बद्धकोष्ठ असलेल्या मुलात भरलेलं आतडं मूत्राशयाला रेटतं आणि ते पुरतं रिकामं होऊ देत नाही, म्हणून पोट साफ ठेवणं हा लघवीचाच उपचार ठरतो.

शाळेचे अकरा ते पाच म्हणजे किती तास? सहा. आणि सुरुवातीला ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. असे संवाद आपल्याकडे घरोघरी होतात.

“काहून वो, शाळेत नाही जात का लघवीले?”

“दाराला कडी नाही. अन् कोणी ढकलते. म्हणून मी पाणीच नाही पेत.”

1.030 चा अर्थ हा. पाण्याची बाटली दप्तरात भरलेली जाते आणि भरलेलीच परत येते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय वेग न अडवण्याबद्दलच आहे आणि अडवू नयेत अशा तेरा वेगांत मूत्राचा मान पहिला. आपण मात्र पोरीने करंगळी वर केली की “आत्ताच तर मधली सुटी झाली” म्हणून बसवतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलामुलींची स्वच्छतागृहं वेगळी असणं बंधनकारक आहे. केरळातल्या शाळांनी 2019 साली पाणी पिण्याची घंटाच सुरू केली. पण घंटा झाली, पाणी प्यायलं आणि जायला जागा नसली, तर पोरगी दुसऱ्या दिवशी घंटेलाही पाणी पिणार नाही.

घरच्यांनी यातून घ्यायचं ते थोडकं आहे. उन्हाळी लागली म्हणून धण्याचं पाणी, ताक जरूर द्यावं. पण आग दोन दिवसांत थांबली नाही, ताप आला, किंवा दोन वर्षांच्या आतल्या बाळाला कारण न दिसता ताप आला, तर लघवी तपासून घ्यावी, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी कल्चरचा नमुना द्यावा. तान्ह्याचा नमुना मिळत नसेल तर थंड पाण्यात भिजवलेलं कापड ओटीपोटावर हलकं फिरवत राहावं. पुष्कळ बाळं काही मिनिटांत धार सोडतात, तेव्हा बाटली हातात तयार हवी. मुलीला पुढून मागे पुसायला शिकवावं, आणि पाय टेकवून, घाई न करता बसायला.

या मजकुराचा गुण त्याच्या काटकसरीत आहे: दहा ओळींत त्याने एका लहान शरीराची एवढी हुशारी मांडली. त्याचा दोष असा, की हुशारी कोणामुळे वाया गेली ते तो सांगत नाही. ते डॉक्टरांनी विचारायचं असतं, “शाळेत जातेस का?” एवढ्याच शब्दांत, आणि पालकसभेत आपण. वणीतल्या कुठल्याही शाळेकडे मुलींच्या आरोग्यासाठी काही मागायचं असेल, तर आधी स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लागणारी कडी मागावी. तपासणी शिबिर त्यानंतर.